पुढच्या चार पायऱ्या
रिकामे, चालू, बिघडलेले अशा तीन अवस्था असलेली वीस यंत्रे एकत्र धरली, तर कारखान्याच्या ३४८ कोटींहून अधिक अवस्था होतात. रॅमेज-वोनहॅम यांच्या १९८७ च्या सिद्धांतानुसार, कोणत्या घटना रोखायच्या हे ठरवणारा नियंत्रक हा सारा पसारा आधीच तपासतो. चुंग, लाफॉर्च्युन आणि लिन यांचा १९९२ चा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो: प्रत्येक घटनेनंतर मोजक्याच पुढच्या पायऱ्या पाहून काय रोखायचे ते ठरवायचे. यंत्र सुरू होणे रोखता येते, बिघाड नाही. मेख इथेच आहे. नजरेपलीकडे संकट असले तर? आक्षेप रास्त आहे. नजरेच्या कडेची अवस्था धोक्याची मानली, तर यंत्रे विनाकारण थांबतात. सुरक्षित मानली, तर पुढे अडकण्याची भीती. पण केवळ निषिद्ध अवस्था टाळायच्या असतील आणि न रोखता येणाऱ्या घटनांच्या साखळ्यांची लांबी मर्यादित असेल, तर त्याहून थोडी लांब नजर संपूर्ण तपासणीइतकीच मोकळीक देते.