जुन्या इंजिनाचं कूलंट : रंग आणि गुण

मंडळी, आपल्या कळसच्या भागात जुन्या जीपा, ट्रॅक्टर अजून कामावर आहेत. कूलंट घेताना आपण विचारतो, 'हिरवं की लाल?' पण खूण म्हणजे गुण नव्हे. रंग कंपनी आपापल्या मर्जीने घालते. गुण ठरतो गंजरोधक द्रव्यांवरून.

जुन्या रेडिएटरात तांबं-पितळ आणि शिशाचा डाख असतो. त्याला सिलिकेटचं पारंपरिक कूलंट मानवतं. ते साधारण 2 वर्षांनी बदलायचं. सेंद्रिय आम्लाचं 5 वर्षं टिकतं खरं, पण या डाखाला बाधू शकतं. दोन्हींची भेसळ तर नकोच.

कूलंट घट्ट असेल, तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालावं. बोअरचं नको, क्षार साचतात, इंजिन तापतं आणि ऐन उसाच्या हंगामात गॅस्केट जातं. तेव्हा आपण आधी गाडीचं पुस्तक आणि डब्यावरचं लेबल वाचू या.