टाळेबंदी आणि नाक्यावरची मुकी जनावरे

टाळेबंदी हा शब्द गिरणगावाने करोनाच्या साथीत प्रथम ऐकला असे नाही. मालकाने फाटकाला कुलूप ठोकून कामगाराला बाहेर ठेवले, की आमच्या चळवळीत त्याला टाळेबंदी म्हणत. मार्च २०२० मध्ये मात्र अवघ्या शहरालाच टाळे लागले. २३ मार्चला महाराष्ट्रात संचारबंदी आली आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. त्यात कोणाची किती मजुरी बुडाली याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते आणि तरीही ज्यांची रोजी त्याच दिवशी बुडाली, त्या काळाचौकीच्या नाक्यांवरच्या आणि मैदानांच्या कडेच्या कुत्र्यामांजरांविषयी आम्हाला आज बोलायचे आहे.

भटके कुत्रे कचऱ्यावर जगते, आणि कचरा तर टाळेबंदीतही होताच. मग ते उपाशी का पडावे, असे विचारले जाते. ही समजूत अर्धीच खरी. शहरातले कुत्रे जगते ते माणसाच्या कामधंद्यावर. चहाच्या टपरीवर कोणी टाकलेला पावाचा तुकडा, खानावळीच्या मागच्या दाराशी उरलेला भात, वडापावच्या गाडीखाली पडलेला चुरा, रात्री पाळी सुटून येणाऱ्याने खिशातून काढलेले बिस्कीट, ही त्याची दिवसाची कमाई. मांजराचे सारे लक्ष मासळीवालीच्या पाटीकडे. टपरी, गाडी, खानावळ आणि पाळी एकदम थांबली, तेव्हा हा सगळा शिधा एका रात्रीत तुटला. बागांना कुलपे लागली आणि तेथे फिरायला येऊन दोन घास टाकणारी माणसे घरात बसली. त्यातून दिवस एप्रिल-मेचे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; ते धापा टाकून शरीर थंड ठेवते आणि त्यात पाणी खर्ची पडते. हॉटेलांच्या दारातल्या बादल्याही आता रित्या होत्या.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने मार्च २०२० मध्येच राज्यांना कळवले की, जनावरांना खाऊ घालणाऱ्यांना अडवू नये. परंतु दिल्लीचे पत्र नाक्यावरच्या हवालदारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. लोकल सर्वांसाठी बंद असल्याने दुरून कोणी येणेही शक्य नव्हते. तेव्हा हे काम पडले ते त्या त्या गल्लीतल्याच माणसांवर. नोकरी सुटलेला तरुण, शाळा बंद म्हणून घरी असलेल्या मुली, एखाद्या आजीबाई. तोंडाला फडके, हातात भाताचे पातेले.

त्यांना शिव्याही मिळाल्या. ‘माणसे उपाशी मरताहेत आणि तुम्ही कुत्र्यांना भात घालता?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या घरची चूल थंड आहे त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु आम्ही पाहिले ते असे की, तो विचारणारा बहुधा भरल्या पोटी गॅलरीत उभा असे, आणि खिचडीची पाकिटे वाटणारे हातच संध्याकाळी कुत्र्यांपुढे पातेले ठेवत. ज्याला भूक दिसते त्याला ती सगळीकडेच दिसते. गिरणगावाला हे सांगायला नको. १९७० च्या दशकातील संपात पगार थांबले, तरी खानावळवाल्या बायांनी उधारीवर कामगारांना जेवू घातले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

कुत्र्यांचा प्रश्न या शहरात जुना आहे. १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि दर कुत्र्यामागे इनाम लावले. इनामाच्या लोभाने लोक घराच्या उंबऱ्यावरचीही कुत्री उचलू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. ६ जूनला, त्यांच्या एका पवित्र दिवशी, दंगा उसळला आणि दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. इतर समाजांचे लोकही सामील झाले आणि गोऱ्या पलटणीची रसद अडली. म्हणजे मुंबईत पहिली गिरणी निघण्याच्या वीसएक वर्षे आधी येथे हरताळ झाला, आणि तो कुत्र्यांसाठी! परळचे जनावरांचे इस्पितळ तर आपल्या शेजारचेच. १८७४ मध्ये स्थापन झालेली प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक संस्था ते चालवते, आणि त्याला नाव आहे गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे. गिरणीमालकांशी आमचे भांडण पिढीजात आहे. पण त्या फाटकातून बरी होऊन बाहेर पडलेली जनावरे आम्ही पाहिली आहेत.

आता कामाची पद्धत. भूतदया एकट्याने करता येते, पण खाऊ घालणे हे संघटनेचेच काम आहे. एका टोळीचे खाणे तुटले की ती दुसऱ्या नाक्यावर जाते, तेथल्या कुत्र्यांशी मारामाऱ्या होतात आणि मधे सापडलेल्या माणसाला चावा बसतो. ठरल्या जागी, ठरल्या वेळी खाणे मिळाले की टोळी जागेवर राहते आणि माणसाळते. माणसाळलेले कुत्रेच निर्बीजीकरणासाठी आणि रेबीजच्या लसीसाठी हाती लागते. कानाचे टोक कापलेले दिसले की त्याची शस्त्रक्रिया झाली असे समजावे. नुसते खाऊ घालून हे टाळले, तर पुढच्या वर्षी तोंडे वाढतात. द्यायचे ते साधे: भात आणि त्यात उकडलेले कोंबडीचे मांस. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात, ती नकोत. कांदा आणि चॉकलेट तर विषच. उरलेले तासाभरात उचलावे. नाही तर उंदीर येतात आणि पावसाळ्यात त्यांच्यामागून लेप्टो येतो.

२०२३ च्या केंद्रीय नियमांनी जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघांवर व स्थानिक संस्थांवर टाकली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ न घालता प्रत्येक वॉर्डात त्यासाठी जागा नेमाव्यात, असे सांगितले. आमच्याकडे हा वाद मैदानावरून होतो. नियमाप्रमाणे जिना, इमारतीचे दार आणि मुलांची खेळण्याची जागा वर्ज्य आहे. तेव्हा जेथे मुले चेंडू खेळतात तेथे पातेले न्यायचे नाही. बाहेरच्या भिंतीच्या कडेला, वर्दळ कमी झाल्यावर, पाण्याच्या कुंडीसह न्यायचे. आणि कुंडी रोज कोणी धुवायची, त्याची पाळी आधी लावून घ्यायची.