अनधिकृत वायफाय : शोध आणि दक्षता

शासकीय कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांचा बराचसा कारभार आता संगणकांच्या जाळ्यावर चालतो. खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून एखादा कर्मचारी स्वतःचा राउटर आणून कार्यालयाच्या तारेला जोडतो. हेतू वाईट नसतो. परंतु दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी, अशी कार्यालयाची अवस्था होते. रस्त्यावरील परक्या माणसालाही दाखले, वेतनपत्रके व विद्यार्थ्यांच्या नोंदी यांपर्यंत पोहोचण्याची वाट त्यातून मिळू शकते.

हा धोका काल्पनिक नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे पाठविलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरच्या वायफायवरून गेल्याचे तपासात आढळले. ते वायफाय अनधिकृत नव्हते, केवळ असंरक्षित होते. तरीही ज्याच्या नावावर ते होते त्याला चौकशीस सामोरे जावे लागले.

शोधाचा पाया म्हणजे नोंदवही. प्रत्येक अधिकृत यंत्राचे ठिकाण, नाव व त्याचा बारा चिन्हांचा यंत्र-पत्ता तीत लिहावा. त्यानंतर मोबाईलवरील वायफाय-तपासणीचे ॲप घेऊन इमारतीत फिरावे व २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे पाहावेत. संकेताची तीव्रता उणे आकड्यांत दिसते. उणे ८० वरून आकडा उणे ४० कडे येऊ लागला, की यंत्र जवळ आले असे समजावे. नाव कार्यालयाचे, पण पत्ता नोंदवहीत नाही, असे आढळल्यास ते फसवे यंत्र असण्याचा संभव असतो.

तथापि, अनोळखी संकेत शेजारच्या दुकानाचाही असू शकतो. म्हणून तारेची बाजू तपासणे अगत्याचे आहे. कोणत्या जोडणीवर कोणता यंत्र-पत्ता आहे, याची यादी व्यवस्थापनक्षम स्विचमध्ये मिळते. एका संगणकाच्या जोडणीवर अनेक पत्ते दिसल्यास संशय घ्यावा. मात्र राउटर आपल्यामागील सर्व यंत्रे एकाच पत्त्याआड लपवू शकतो. यास्तव प्रत्येक पत्ता नोंदवहीशी ताडून पाहावा. एकाच राउटरचे हवेतील व तारेवरील पत्ते बहुधा शेवटच्या चिन्हांपुरतेच भिन्न असतात. असे साम्य आढळले, की ते यंत्र आपल्याच जाळ्यावर असल्याचा सबळ पुरावा मिळतो.

यंत्र सापडताच जागेची नोंद करून संगणक शाखेस कळवावे व जोडणी बंद करावी. शेजाऱ्यांच्या यंत्रणेत हस्तक्षेप करू नये. कार्डव्यवहारांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात अशी तपासणी तीन महिन्यांतून किमान एकदा करण्याचा दंडक आहे. कार्यालयांनीही तो अनुसरावा. त्याचबरोबर जेथे वायफाय पोहोचत नाही तेथे अधिकृत सोय वेळेवर करून द्यावी. अन्यथा काढलेला राउटर पुन्हा त्याच जागी आल्याशिवाय राहणार नाही.