आवाज गिऱ्हाईक ऐकतं, वायर कुणीच बघत नाही: बॉनेटखालचं काम आणि तुमचा धंदा



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या बीड जिल्ह्यात गॅरेजवाल्यांना बोलायला वेळ नसतो. ऊसतोडीला निघायचे दिवस असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडं ट्रॅक्टर निघणार, म्हणून ट्रॉलीचं वेल्डिंग, टायर, ग्रीसिंग सगळं एकदमच येतं. आणि त्यातच एक काम ठरलेलं असतं, ते म्हणजे टेप बसवायचा. हुडात स्पीकर, सीटमागं ॲम्प्लिफायर, जमलं तर एक वूफर. चारपाच महिने रात्रंदिवस वाहन चालवायचं, तर गाणी पाहिजेतच.

एकदा गेवराई तालुक्यात एका ट्रॅक्टरमालकाकडं गेलो होतो. नवा टेप होता, आवाज एकदम कडक. मी म्हटलं, "मालक, जरा बॉनेट उघडा की." उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बॅटरीवरून निघालेली लाल वायर थेट सायलेन्सरच्या पाइपला टेकलेली. प्लास्टिक मऊ होऊन चिकटलेलं. फ्यूज नाही, क्लिप नाही, वरून नुसती काळी टेप गुंडाळलेली. त्याच ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या लागणार होत्या. संसार, बायाबापड्या, लेकरं, सगळं त्यात बसणार होतं.

ज्यानं ते काम केलं होतं त्याला शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. त्याला कुणी शिकवलंच नसेल. पण तुम्ही कार ऑडिओ किंवा ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचा विचार करत असाल, तर आजचा धडा मनात पक्का करा. आवाज विकून गिऱ्हाईक एकदा येतं. बॉनेटखालचं काम चोख असलं, तर तेच गिऱ्हाईक भावकीला घेऊन येतं.

"अहो, बाराच व्होल्ट तर आहे!"

हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकाल. १२ व्होल्टला हात लावला तर शॉक बसत नाही, हे खरंय. म्हणून माणूस गाफील राहतो. पण शॉक व्होल्टेजमुळं बसतो आणि वायर करंटमुळं पेटते.

गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला बनवलेली असते, म्हणजे क्षणात शेकडो ॲम्पियर द्यायला. पॉझिटिव्ह वायर सोलून बॉडीच्या पत्र्याला टेकली, तर तोच करंट त्या वायरमधून धावतो. १२ व्होल्ट गुणिले ५०० ॲम्पियर म्हणजे ६,००० वॉट. घरातले २,००० वॉटचे तीन गिझर एका वायरीत घातल्यासारखं! काही सेकंदांत प्लास्टिक वितळतं, धूर निघतो. शेजारी डिझेलचा पाइप असतो, आणि ट्रॅक्टरवर तर वाळलं पाचट कानाकोपऱ्यात अडकलेलं असतं. पुढचं सांगायला नको.

फ्यूज नक्की कुणाला वाचवतो?

बहुतेक पोरं सांगतात, "सर, ॲम्प्लिफायरला फ्यूज आहे ना, मग दुसरा कशाला?" इथंच गफलत होते.

आपल्या माजलगाव धरणाचा कालवा डोळ्यापुढं आणा. कालवा मध्येच कुठंतरी फुटला, तर तुमच्या शेतावरचं दार बंद करून काय उपयोग? पाणी वरूनच बाहेर पडणार. दार पाहिजे ते कालव्याच्या तोंडाशी. वायरीचंही तसंच आहे. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज म्हणजे शेतावरचं दार. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची चारपाच मीटर वायर त्याच्या आधी येते, तिला तो वाचवू शकत नाही. म्हणून मेन फ्यूज बॅटरीजवळ, जास्तीत जास्त ४५ सेंटिमीटरच्या आत. जितका जवळ तितका चांगला.

आणि हा फ्यूज वायरीच्या जाडीवर ठरतो. बॉनेटखालची उष्णता लक्षात घेऊन, चांगल्या तांब्याच्या वायरीला मी हात राखून असा हिशेब धरतो:

- १० चौरस मिलिमीटर वायर: ५० ॲम्पियरपर्यंत फ्यूज
- १६ चौरस मिलिमीटर: ८० ॲम्पियरपर्यंत
- २५ चौरस मिलिमीटर: १०० ॲम्पियरपर्यंत

फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा टाकायचा, किंवा चांदी गुंडाळून भागवायचं, हे कधीही करू नका. फ्यूज उडतोय म्हणजे तो तुम्हाला काहीतरी सांगतोय.

वायर कोणती घ्यायची?

समजा ॲम्प्लिफायर ५०० वॉट आरएमएसचा, क्लास-डी प्रकारचा आहे. तो साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर त्याला आत ६२५ वॉट लागतील. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास असतं. ६२५ भागिले १३.८ म्हणजे साधारण ४५ ॲम्पियर.

५ मीटर लांब, १० चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीतून ४५ ॲम्पियर नेले तर जवळपास ०.४ व्होल्ट वायरीतच जातात. १६ ची वायर घेतली तर पाव व्होल्टच्याही आत काम होतं. वायर कमी तापते आणि बेसही दमदार लागतो. म्हणजे सुरक्षित काम आणि चांगला आवाज एकाच खर्चात.

बाजारात स्वस्त किटमध्ये वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर फार येते. ब्लेडनं एक तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याची नाही. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. ती वापरायचीच असेल तर एक नंबर जाड घ्या आणि गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट सांगा. तांबं सांगून ॲल्युमिनियम देऊ नका. गाव लहान असतं, बातमी पसरते.

काम करायची पद्धत

१. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर ठिणगी उडते. निगेटिव्ह काढलेली असली तर पाना बॉडीला लागू दे. जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

२. वायर टाकायच्या आधी रस्ता बघा. चार शत्रू ओळखा: गरम, फिरणारं, धारदार आणि ओलं. गरम म्हणजे सायलेन्सर आणि एक्झॉस्ट. फिरणारं म्हणजे फॅन, बेल्ट, स्टिअरिंग. धारदार म्हणजे पत्र्याची कड. ओलं म्हणजे पाणी, ऑइल, डिझेल. रस्ता थोडा लांबला तरी चालेल, पण या चौघांपासून लांब राहा. डिझेलच्या किंवा ब्रेकच्या पाइपला वायर बांधू नका.

३. वायरीला अंगरखा घाला. नालीदार काळा फ्लेक्झिबल पाइप मिळतो, तो पूर्ण बॉनेटभर चढवा. त्यावर दर १५ ते २० सेंटिमीटरला केबल टाय. टाय कचकचून ओढू नका. वायर हलायला नको आणि कापायलाही नको. नुसत्या टेपवर विसंबू नका, उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो. गाडी उभी राहत असेल तर उंदरांचाही विचार करा, पाइपमुळं त्यांचं काम जरा अवघड होतं.

४. फायरवॉल ओलांडताना रबर हवंच. इंजिन आणि केबिनमधला पत्रा ओलांडताना कंपनीचं ग्रोमेट आहे का ते आधी शोधा. नवीन भोक पाडावं लागलं, तर पलीकडं काय आहे ते बघूनच ड्रिल चालवा. भोकाची कड घासा, रंग लावा, मापाचं रबरी ग्रोमेट बसवा. उघड्या पत्र्यातून गेलेली वायर आज चालेल, पण आपल्या रस्त्यांवरचे हादरे खाऊन काही महिन्यांत पत्रा तिला कापेल. आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल.

५. टोकाला लग, पिळलेली तार नको. मापाची लग, चांगल्या क्रिम्पिंग टूलनं दाबलेली, वर हीट श्रिंक. पक्कडीनं चेपलेली लग सैल पडते, सैल जोड तापतो.

६. अर्थिंग तितकंच जाड. निगेटिव्ह वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत. बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट करा. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका.

७. फ्यूज सगळ्यात शेवटी. त्याआधी मल्टिमीटरनं पॉझिटिव्ह वायर आणि बॉडी यांत कंटिन्युइटी नाही ना, ते तपासा. मग फ्यूज टाका, अर्धा तास दणक्यात वाजवा आणि जोडांना हात लावून बघा. एखादा जोड चटका देत असेल तर काम परत.

गाडीत एअरबॅग असेल तर तिच्या वायरिंगला हात नको. कंपनीची वायर कापू नका, कपलर मिळतो तो वापरा, नाहीतर वॉरंटीवरून गिऱ्हाईकाचा वाद तुमच्या दारात येईल.

आता धंद्याचं बोलू

गिऱ्हाईक म्हणणारच: "दादा, ते फ्यूज-बिज राहू द्या. शेजारचा कमीत करून देतो."

वाद घालू नका. काउंटरवर एक जळकी वायर ठेवा. ती हातात द्या आणि म्हणा, "मालक, आवाजात पाहिजे तेवढं कमी-जास्त करू. वूफर लहान घेऊ. पण ही वायर तुमच्या लेकरांच्या पुढं असणार आहे. यात मी कमी करत नाही."

दहातले आठ ऐकतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. काही जण उठून जातील. जाऊ द्या. बिनफ्यूजचं काम करून मिळालेला पैसा एक गाडी पेटली की व्याजासकट परत जातो.

तीन सवयी पहिल्या दिवसापासून लावा:

वेगळी ओळ लावा. बिलात "फिटिंग" असं एकच लिहू नका. "मेन फ्यूज, होल्डर, पाइप, लग, ग्रोमेट" ही ओळ वेगळी. हे सामान पूर्ण सिस्टिमच्या किमतीपुढं किरकोळ असतं, पण कागदावर दिसलं की गिऱ्हाईकाला त्याची किंमत कळते.

फोटो द्या. काम झालं की बॉनेट उघडं ठेवून गिऱ्हाईकाला बोलवा, दाखवा, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. न दिसणारं काम दिसायला लागलं की तीच तुमची जाहिरात.

परत बोलवा. आठवड्यानं बोल्ट तपासायला फुकट बोलवा. दहा मिनिटांचं काम आहे. ट्रॅक्टरवाल्याला सांगा, सीझनवरून आला की आधी इकडं ये.

आणखी एक, कारवाल्याला सांगा की बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजचा विमा वेगळा जोडून घेता येतो, पॉलिसीत त्याला आयएमटी २४ म्हणतात. तुमचं वेगळं बिल तिथं त्याच्या कामाला येईल. असा सल्ला देणारा दुकानदार माणूस विसरत नाही.

सुरुवातीला मोठं भांडवल लागत नाही. क्रिम्पिंग टूल, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, ड्रिल आणि पान्यांचा संच, एवढ्यावर काम सुरू होतं. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत असतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आजचा गृहपाठ: स्वतःच्या किंवा मित्राच्या गाडीचं बॉनेट उघडा. बाहेरून टाकलेली प्रत्येक वायर बोटानं शोधत जा. फ्यूज कुठं आहे? कुठं टेकलीय? पत्र्यातून कशी गेलीय? जे सापडेल ते वहीत लिहा. ते दुरुस्त करून द्या. तीच तुमच्या दुकानाची पहिली नोंद.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काम चोख करा, धंदा आपोआप बोलेल!