नवरा खुला देत नाही, मग बाईने करायचं काय?

पालकसभा संपल्यावर एका मुलीची आई मागे थांबली. पिशवीतून घडी पडलेला निकाहनामा काढून म्हणाली, "मॅडम, हे उर्दूत आहे. यात माझ्यासाठी काही लिहिलंय का, बघा ना." तीन वर्षं ती माहेरी आहे. नवरा नेत नाही, खर्चाला पैसा देत नाही. खुला मागितला तर म्हणतो, "बस तशीच."

त्रास देण्यासाठी बायकोला अडवून ठेवू नका, असं कुरआनने साफ बजावलंय (सूरह बकरा, २३१). त्याआधीच्या २२९ व्या आयतीत खुलाची वाट दिली आहे. हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने प्रेषितांकडे (स.) येऊन सांगितलं की, नवऱ्याच्या दीन-अखलाकबद्दल तक्रार नाही, पण त्याच्यासोबत राहवत नाही. मेहरमध्ये मिळालेली बाग परत करायची तिची तयारी होती. प्रेषितांनी साबितना बाग घेऊन तलाक द्यायला सांगितलं. मारहाण, उपासमार सिद्ध कर, असं तिला कुणी म्हटलं नाही.

अडतं कुठे? हनफी उलेमांच्या मते खुला हा दोघांचा करार, म्हणून नवऱ्याची संमती लागते. पण तो हट्टाने नाहीच म्हणाला तर वाट बंद होत नाही. तिथे फस्ख आहे, म्हणजे काझीने निकाह मोडणं. इंग्रजांच्या काळात शरई काझी उरले नाहीत आणि पंजाबात काही बायका नुसता निकाह तुटावा म्हणून धर्म सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन 'अल-हीलतुन-नाजिजा' लिहिलं. पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. म्हणजे हा कायदा कुणी बाहेरून लादलेला नाही, त्यामागे आपल्याच उलेमांची मेहनत आहे. नवरा ४ वर्षं बेपत्ता, २ वर्षं खर्च नाही, ७ वर्षांची कैद, ३ वर्षं विनाकारण संसाराची जबाबदारी टाळणं, क्रूर वागणूक. यातलं एक कारणसुद्धा पुरतं. त्या आईकडे तर दोन होती.

खुद्द खुलाबाबतही केरळ (२०२१) आणि तेलंगणा (२०२५) उच्च न्यायालयांनी नवऱ्याची संमती बंधनकारक नाही असं म्हटलंय. मात्र मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खासगी शरियत कौन्सिलचं खुला प्रमाणपत्र ग्राह्य धरलं नाही. म्हणून दारुल कझात समझोत्यासाठी जरूर जा, पण कुटुंब न्यायालयाचा कागद हातात असू द्या.

आणखी एक. खुलाच्या कागदात "मुलांचा खर्च मागणार नाही" असं हळूच घुसवलं जातं. सही करू नका! तो खर्च मुलांचा हक्क आहे, आईने सोडून द्यायची ती वस्तू नाही. शिवाय कसूर नवऱ्याचा असेल तर खुलाच्या बदल्यात काही घेणं हनफी फिकहमध्येही मकरूह आहे.

खरं तर हे सगळं निकाहाच्या दिवशीच सोपं करता येतं. तफवीज, म्हणजे ठरलेल्या अटी मोडल्या तर बायकोने स्वतः तलाक घ्यावा, असा अधिकार नवरा निकाहनाम्यात लिहून देऊ शकतो. हनफी फिकहला तो मान्य आहे. वलीम्याच्या बिर्याणीवर आपण तासभर बोलतो, या रकान्यावर दोन मिनिटं नाही.

त्या आईच्या निकाहनाम्यात 'शराइत'समोर आडवी रेघ मारलेली होती. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता लिहून दिला. तिथे बाईला, तिची कमाई कितीही असो, वकील मोफत मिळतो.