एका बेटाची शुद्धी

लढाई संपली म्हणजे तह होतो, सैन्ये घरी जातात, छावण्यांची कुंपणे निघतात आणि जमीन पुन्हा मूळ धन्याच्या हाती येते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इतिहासाच्या पुस्तकातही प्रकरण तेथेच संपते. परंतु जमिनीचे प्रकरण तेथे संपत नाही. लष्कराने काही वर्षे वापरलेली जमीन परत घ्यावयाची, तर ती कोणत्या स्थितीत परत मिळते आणि ती शुद्ध झाली हे ठरवावयाचे कोणी, असा प्रश्न गेल्या शतकात अनेक देशांपुढे उभा राहिला. या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात यावे म्हणून आज आपण एकाच लहानशा बेटाची हकीकत पाहू.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर, किनाऱ्यापासून जेमतेम एक किलोमीटर अंतरावर, ग्रिन्यार्ड नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे पाचशे एकर. म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान गावाच्या शिवाराएवढेच. खडक, दलदल आणि मेंढ्यांना चरण्याजोगे खुरटे रान, एवढीच त्याची संपत्ती. १९४२ साली ब्रिटिश सरकारने हे बेट युद्धकार्यासाठी ताब्यात घेतले. जर्मनी किंवा जपान रोगजंतूंचा शस्त्र म्हणून उपयोग करील अशी धास्ती तेव्हा होती, आणि तसे झालेच तर जशास तसे उत्तर देता यावे म्हणून इंग्लंडातील पोर्टन डाउन येथील संशोधनकेंद्रात पॉल फाइल्ड्स या जंतुशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली काम चालू झाले होते. त्यांनी निवडलेला रोग होता अँथ्रॅक्स.

हा रोग आपल्याला परका नाही. जनावरांना होतो तेव्हा आपले शेतकरी त्याला फाशी म्हणतात. माणसाच्या कातडीवर उठतो तेव्हा काळपुळी. फाशीने मेलेले जनावर फाडू नये, कातडे सोलू नये, ते तसेच खोल पुरावे किंवा जाळावे, असे गुरांचे डॉक्टर बजावून सांगतात. पुष्कळांना ही नुसती खबरदारी वाटते. खरे कारण निराळे आहे, आणि ते समजले म्हणजे ग्रिन्यार्डची सारी कथा समजते.

या रोगाचा जंतू जनावराच्या रक्तात असतो तोवर नाजूक असतो. न उघडलेल्या मढ्यात, कुजण्याच्या क्रियेत तो बराचसा नाश पावतो. पण रक्त बाहेर सांडले, त्याला हवा लागली, की तो आपले रूप पालटतो. तो आपल्याभोवती एकात एक अशी टणक आवरणे तयार करतो, आतील पाणी कमी करतो, आणि सर्व व्यवहार थांबवून बीजासारखा पडून राहतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. हे रूपांतर रॉबर्ट कॉख याने १८७६ साली प्रथम नीट उलगडून दाखविले. बीजाणूला अन्न लागत नाही. ऊन, थंडी, दुष्काळ यांची त्याला फारशी क्षिती नसते. वर्षानुवर्षे तो मातीत निजून राहतो आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात गेला की पुन्हा जागा होतो. फ्रान्समधील शेतकरी काही कुरणांना शापित म्हणत, कारण तेथे चरावयास सोडलेली मेंढरे वर्षामागून वर्षे मरत. पाश्चरने दाखविले की, शाप कोणाचाच नव्हता. पूर्वी तेथे पुरलेल्या जनावरांचे बीजाणू मातीत राहिले होते.

ग्रिन्यार्डवर शास्त्रज्ञांनी असले शापित कुरण बुद्ध्याच तयार केले. मेंढ्या बेटावर नेल्या. वाऱ्याच्या दिशेने त्या ओळीत बांधल्या. बीजाणूंनी भरलेला बॉम्ब एका चौकटीला टांगून उडविला. धुराचा लोट मेंढ्यांवरून गेला. तीन दिवसांत मेंढ्या मरू लागल्या. या प्रयोगांचा त्या वेळी घेतलेला चित्रपट १९९७ साली लोकांस खुला झाला. शास्त्रीय दृष्टीने प्रयोग यशस्वी ठरला. याच कामाचा भाग म्हणून जर्मनीतील कुरणांवर टाकण्यासाठी जवसाच्या पेंडीच्या पन्नास लाख विषारी वड्याही तयार झाल्या होत्या. त्या वापरण्याची वेळ आली नाही, आणि युद्धानंतर त्या जाळण्यात आल्या. वड्या जाळता आल्या. बेट जाळून टाकता येण्याजोगे नव्हते.

मध्यंतरी समोरच्या किनाऱ्यावर जनावरे दगावली. वादळात एका मेंढीचे मढे वाहून गेले आणि त्यातून ही लागण झाली. सरकारने नुकसानभरपाई गुपचूप दिली आणि दोष जवळून गेलेल्या एका परदेशी जहाजाच्या माथी मारला. युद्धकाळात गुप्तता लागते हे मान्य; पण आपल्या गाई कशाने मेल्या हे त्या शेतकऱ्याला न कळणे याची किंमत पुढे द्यावी लागली, हे आपण पाहणारच आहोत.

युद्ध संपल्यावर सरकारने बेट विकत घेतले आणि एक वचन दिले: माणसांना व जनावरांना राहण्याजोगे झाले की मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना ते पाचशे पौंडांस परत मिळेल. किनाऱ्यावर धोक्याची पाटी लागली. पोर्टनची माणसे अधूनमधून येत, मातीचे नमुने घेत, बीजाणू जिवंत आहेत असे पाहून परत जात. अशी तीनचार दशके गेली.

१९८१ साली ही शांतता अकस्मात मोडली. काही अज्ञात मंडळींनी बेटावरून तीनशे पौंड माती आणल्याचे जाहीर केले आणि तिचे एक पुडके पोर्टन डाउनच्या आवाराबाहेर आणून ठेवले. तपासणीत त्या मातीत अँथ्रॅक्स सापडला. दुसरे पुडके सत्ताधारी पक्षाचे अधिवेशन जेथे भरले होते त्या ब्लॅकपूल शहरात ठेवले गेले. त्यात जंतू नव्हते, मात्र माती त्याच जातीची होती. ही मंडळी कोण, हे उघड झाले नाही. बेट शुद्ध करा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांची पद्धत निःसंशय निंद्य होती. रोगाची माती भर वस्तीत ठेवणे हा कोणत्याही मागणीचा मार्ग नव्हे. पण चाळीस वर्षांच्या अर्जविनंत्यांना जे साधले नव्हते त्याला यानंतर वेग आला, हेही नाकारता येत नाही.

शुद्धी करावयाची कशी? पहिली गोष्ट म्हणजे रोग नेमका कोठे आहे हे शोधणे. बेटाची चौकटी चौकटींनी आखणी करून माती तपासली तेव्हा असे दिसले की, पाचशे एकर बेटापैकी बीजाणू होते ते जेमतेम दहा एकरांत, बॉम्ब उडविले होते त्या जागेच्या आसपास, आणि तेही बहुतेक मातीच्या वरच्या काही इंचांत. म्हणजे पन्नासातील एका हिश्शापायी उरलेले एकोणपन्नास हिस्से बंद होते.

दुसरी गोष्ट म्हणजे औषध. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बरणीत ठेवलेला बेडूक ज्या द्रवात वर्षानुवर्षे टिकतो त्यात फॉर्माल्डिहाइड असते. ते प्रथिनांच्या रेणूंना एकमेकांशी जखडून टाकते. बेडूक कुजत नाही तो यामुळेच. आणि बीजाणूला पुन्हा जागे होता येत नाही तेही यामुळेच. १९८६ साली २८० टन फॉर्माल्डिहाइडचा द्राव सुमारे दोन हजार टन समुद्राच्या पाण्यात मिसळण्यात आला. हे पाणी बेटाभोवती हवे तेवढे होते, ही त्यातली सोय. आधी वरचे रान मारून जाळले, मग आपल्या द्राक्षबागांत ठिबकाच्या नळ्या अंथरतात तशा भोके पाडलेल्या नळ्या अंथरल्या आणि प्रत्येक चौरस मीटरला पन्नास लिटर या प्रमाणात द्राव जमिनीत मुरविला. सर्वांत दूषित जागेची वरची माती उचलून नेण्यात आली. पुन्हा तपासणी झाली. जेथे कोठे बीजाणू शिल्लक आढळले तेथे पुन्हा औषध दिले गेले.

आता खरा कठीण प्रश्न येतो. दहा ठिकाणची माती निर्दोष निघाली म्हणून अकरावी निर्दोष असे तर्कशास्त्र सांगत नाही. शास्त्रज्ञ फार तर इतकेच म्हणू शकतो की, धोका असलाच तर तो अमुक इतक्यापेक्षा कमी आहे. पण ज्यांना चाळीस वर्षे काहीच सांगितले नाही, ज्यांच्या मेलेल्या गाईंचा दोष जहाजावर टाकला, त्यांनी या 'फार तर'वर विश्वास का ठेवावा? म्हणून स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि शेवटी १९८७ मध्ये बेटावर मेंढ्यांचा एक कळप सोडण्यात आला. मेंढी मुळाशी तोंड लावून, मातीसकट गवत ओरबाडते. कोणत्याही नमुना घेणाऱ्या माणसापेक्षा ती अधिक कसून जमीन तपासते. कळप महिनोन्महिने चरला आणि धडधाकट राहिला. १९४२ साली बेट मारक झाल्याची साक्ष मेंढ्यांनीच दिली होती; ते निर्धोक झाल्याची साक्षही त्यांच्याकडूनच घ्यावी लागली.

सगळ्याच जागांची गोष्ट इतकी सरळ नाही, हेही सांगितले पाहिजे. हवाईमधील काहोओलावे बेटावर अमेरिकेच्या आरमाराने १९४१ पासून सुमारे अर्धे शतक तोफा-बॉम्बांचा सराव केला. पुढे चाळीस कोटी डॉलर खर्चून दहा वर्षे साफसफाई झाली, तरी बेटाचा सुमारे चौथा हिस्सा न फुटलेल्या बॉम्बांसाठी तपासलाच गेला नाही. विमानतळांवर आग विझविण्यासाठी वापरलेल्या फेसातील रसायने तर मातीत कुजत नाहीत. ती भूजलात उतरून विहिरींपर्यंत जातात. बीजाणू निदान मारता येतो. जे मुळात जिवंतच नाही त्याला मारावयाचे कसे?

ग्रिन्यार्डपुरते सांगावयाचे तर, २४ एप्रिल १९९० रोजी संरक्षणखात्याचे उपमंत्री मायकेल न्यूबर्ट बेटावर गेले आणि त्यांनी धोक्याची पाटी काढून टाकली. आठवडाभराने, मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, ठरल्याप्रमाणे बेट मूळ मालकाच्या वारसांना पाचशे पौंडांस परत मिळाले. अठ्ठेचाळीस वर्षांत पैशाचे मोल कितीतरी उतरले होते. वचनातला आकडा मात्र बदलला नव्हता. २०२२ सालच्या मार्चमध्ये बेटावर वणवा पेटला आणि त्याच्या ज्वाळा पलीकडच्या किनाऱ्यावरून रात्रभर दिसत होत्या. विझवावयास धावून जावे असे तेथे घर नव्हते. बेट परत मिळाल्यानंतरही तेथे वस्ती अशी झालेलीच नाही.