लाल चेंडू लिंबूटिंबूंचा नव्हे

टेनिसच्या क्लासबाहेर थांबलेल्या पालकांचं एक वाक्य ऐकून कान किटले आहेत: ‘‘हे मऊ चेंडू किती दिवस? खरं टेनिस कधी शिकवणार?’’ पोरगं अकरा मीटरच्या छोट्या कोर्टवर लाल चेंडू मारतंय, म्हणजे कोच वेळ काढतोय आणि आपली फी पाण्यात चाललीय, असा त्यांचा हिशेब.

हाच हिशेब जरा सेंटिमीटरमध्ये करू. टेनिसचा नेहमीचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडला, तर नियमाप्रमाणे तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. आठ वर्षांच्या मुलाची उंची साधारण सव्वाशे. उसळी घेतलेला चेंडू पोराच्या डोक्यावर! मग ते मागे मागे सरकतं, पकड वेडीवाकडी करतं आणि आकाशात चेंडू भिरकावत बसतं. लाल चेंडू तेवढ्याच उंचीवरून ९० ते १०५ सेंटिमीटर उसळतो आणि बराच सावकाश येतो. मुलाला पाय हलवायला, रॅकेट मागे न्यायला वेळ मिळतो.

ही कुणा कोचची लहर नव्हे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये ‘प्ले अँड स्टे’ मोहीम सुरू केली. दुखणं नेमकं होतं: लोक टेनिसकडे येत होते, पण टिकत नव्हते. रांगेत उभं राहायचं, कोचने टाकलेला एखादा चेंडू मारायचा, पुन्हा रांगेच्या शेवटी. यात खेळ कुठे आला? म्हणून पहिल्याच तासापासून सर्व्हिस, रॅली आणि गुण. २०१२ पासून तर नियमच आहे, दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही. लाल, नारिंगी किंवा हिरवा घ्यावा लागतो. शंका असेल त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या फॅरो आणि रीड यांचा २०१० चा अभ्यास पाहावा. मोठं कोर्ट आणि नेहमीचा चेंडू मिळालेल्या नवशिक्या मुलांना चेंडू मारायची संधीच कमी मिळाली.

गंमत म्हणजे हेच पालक लहानपणी गल्लीत टेनिस बॉलवर क्रिकेट शिकलेले असतात. सहा वर्षांच्या पोरासमोर सीझन बॉल टाका, असं कुणी म्हणत नाही. टेनिसचा चेंडू क्रिकेटला चालतो, टेनिसला मात्र मऊ चेंडू म्हणजे लिंबूटिंबू!

‘‘फेडररच्या वेळी कुठे होते लाल चेंडू?’’ हा हुकमी प्रश्न. फेडरर टिकला, म्हणून आपल्याला माहीत आहे. कंटाळून रॅकेट माळ्यावर टाकणाऱ्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ‘हे टेनिसचेच लाड’: मिनी बास्केटबॉलमध्येही रिंग ३.०५ ऐवजी २.६० मीटरवर असते. ‘जागा जास्त लागते’: उलट, एका पूर्ण कोर्टवर आडवी चार छोटी कोर्टं आखता येतात. ‘महासंघांना फक्त चॅम्पियन हवेत’: स्पर्धेला प्रवेश शुल्क, क्लबला वर्गणी, दुकानात रॅकेट, सामन्याला प्रेक्षक, हे सगळं हौशी खेळाडूंच्या जिवावर चालतं, ते महासंघांनाही कळतं. ‘वाढदिवस झाला की रंग बदलायचा’: वय हा फक्त अंदाज. पाच-सहा फटक्यांची रॅली आरामात होऊ लागली की कोचला विचारा, नारिंगी कधी.